कन्सोलचा नाद

कॉम्बिनेशन कन्सोल म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, कारण हा प्रकार आपल्याकडे जवळजवळ नव्हताच. आपल्याकडे रेडिओग्राम होते, मर्फी, फिलिप्स, एचएमव्हीचे, चोरबाजारात अजून दिसतात. नंतर ऐंशीच्या दशकात शटरवाला टीव्ही आला, लाकडी पेटी आणि दोन्ही बाजूंनी सरकणारं शटर. आता हे दोन्ही एका पेटीत घाला, लांबी पाच-साडेपाच फूट करा, मध्ये टीव्ही, वरचं झाकण उचललं की एका बाजूला एएम-एफएम रेडिओ नि दुसऱ्या बाजूला रेकॉर्ड चेंजर (एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणारा प्लेयर), दोन्ही टोकांना कापडामागे स्पीकर, आणि बंद केल्यावर कोणालाही वाटावं की हे क्रोकरीचं कपाट आहे. १९५० ते ७० च्या दरम्यान अमेरिकेतल्या बऱ्यापैकी खाऊन-पिऊन सुखी घरात हॉलमध्ये हे असायचं. टीव्हीसमोर शटरसुद्धा असायचं, अगदी आपल्यासारखं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी त्या शटरमुळेच थबकलो, बाकी काय आहे ते नंतर कळलं.

मी राहतो कोलंबस नावाच्या गावात. ओहायोचं मोठं कोलंबस नाही, इंडियानातलं छोटं. कमिन्स या इंजिन कंपनीमुळे इथे पुणेकर भरपूर, कोथरूडातून उठून थेट इथे आलेले आमच्यासारखे पुष्कळ. गणपती, दिवाळी, पॉटलक सगळं होतं पण थंडीत चार-पाच महिने शनिवार-रविवारी करायचं काय हा प्रश्न असतोच. कोणी बॅडमिंटन खेळतं, कोणी ब्रेड भाजतं. मी कन्सोल गोळा करतो.

आणि त्यासाठी इंडियानाइतकी सोयीची जागा नाही हे मला नंतर कळत गेलं. आमच्यापासून तासाभरावर ब्लूमिंग्टन आहे, तिथे आरसीए या अमेरिकन कंपनीचा टीव्हीचा कारखाना होता. अमेरिकेतला पहिला मोठ्या प्रमाणावर बनलेला कलर टीव्ही, सीटी-१००, १९५४ साली इथूनच बाहेर पडला, किंमत १००० डॉलर, तेव्हाचे. पुढे काम मेक्सिकोत गेलं आणि १९९८ ला कारखाना बंद झाला. वर उत्तरेला फोर्ट वेनला मॅग्नाव्हॉक्स या रेडिओ-टीव्ही कंपनीचं ऑफिस होतं, त्याच गावात फार्न्सवर्थ राहायचा, इलेक्ट्रॉनिक टीव्ही ज्याने १९२७ मध्ये चालवून दाखवला तोच. इंडियानापोलिसला हॉवर्ड सॅम्सची कंपनी, जी १९४६ पासून जवळजवळ प्रत्येक रेडिओ-टीव्हीचं सर्किट काढून 'फोटोफॅक्ट' नावाच्या फोल्डरमध्ये छापायची, मेकॅनिक लोकांची गीता म्हणा. म्हणजे या भागातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाशी बोला, त्याची मावशी नाहीतर सासरा यातल्या कुठल्यातरी कंपनीत लाईनवर असतोच.

इथे इस्टेट सेल नावाचा प्रकार असतो. घरातलं म्हातारं माणूस गेलं किंवा वृद्धाश्रमात हललं की मुलं एखाद्या एजन्सीला चावी देतात, आणि ते लोक घरातली प्रत्येक वस्तू, चमच्यापासून सोफ्यापर्यंत, चिठ्ठी लावून दोन-तीन दिवस विकतात. शेवटच्या दिवशी निम्मी किंमत. पहिल्यांदा मला फार विचित्र वाटायचं, कोणाच्या तरी देवघरात शिरल्यासारखं, पण सवय होते. तर या सेलमध्ये शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजता जी वस्तू हमखास उरलेली असते ती म्हणजे कन्सोल. कोणालाच नको असतो. न्यायला चार माणसं लागतात, ठेवायला भिंत लागते, आणि चालत नाही. किंमत चिठ्ठीवर दीडशे असते, तीन वाजता ती 'घेऊन जा बाबा' होते.

नको असतो म्हणजे अगदीच नाही, आणि माझं जे काय म्हणणं आहे ते इथेच आहे. नुसता रेडिओ-रेकॉर्डवाला स्टिरिओ कन्सोल असेल तर त्याला आता गिऱ्हाईक आहे, तरुण पोरं हौसेने घेतात, विशेषतः डॅनिश मॉडर्न पद्धतीचा सरळ रेषांचा, बारीक पायांचा असेल तर. नुसता टीव्ही असेल तर टीव्हीवाले कलेक्टर घेतात. कॉम्बिनेशनला मात्र कोणी वाली नाही. टीव्हीवाला म्हणतो एवढं मोठं धूड कोण ठेवणार, चॅसी (सर्किट बसवलेली पत्र्याची चौकट) आणि पिक्चर ट्यूब काढून घेतो, पेटी फेकतो. ऑडिओवाला म्हणतो टीव्हीचं काय करू, मागचे चार स्क्रू काढून ॲम्प्लिफायर घेऊन जातो. मॅग्नाव्हॉक्सचे १९६० च्या आसपासचे व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर, सिक्स-बीक्यू-फाईव्ह व्हॉल्व्हवाले, एवढे नावाजलेले आहेत की त्या एका डब्यासाठी आख्खे कन्सोल फाडले जातात. उरलेल्या पेटीचा लोक बार करतात. फिश टँक पण बघितलाय मी. टीव्हीच्या जागी मासे.

आणि खरं सांगायचं तर कॉम्बिनेशन मरतं ते टीव्हीमुळेच. स्टिरिओ चाळीस वर्षं चालतो, टीव्ही दहा-बारा वर्षांत जुना होतो, कोणीतरी त्याच्या डोक्यावर नवीन टीव्ही ठेवतं, मग त्या नव्या टीव्हीमुळे झाकण उघडता येत नाही म्हणून रेकॉर्ड पण बंद. म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलं की घ्यायचं तर कॉम्बिनेशनच घ्यायचं आणि टीव्ही चालू करायचा. आधी टीव्ही, मग बाकी. लोक उलटं करतात, रेकॉर्ड प्लेयर सोपा म्हणून तो आधी, मग टीव्हीपर्यंत उत्साह टिकत नाही.

आता ज्याच्यावर मी सगळं शिकलो त्या आरसीएबद्दल सांगतो. ब्लूमिंग्टनजवळच्या एका आजीबाईंकडे होता. त्यांचे मिस्टर कारखान्यात होते, आणि हा सेट त्यांनी स्टाफच्या सवलतीत घेतलेला. वर नातवंडांचे फोटो, फुलदाणी, आणि अर्थातच एक छोटा फ्लॅट टीव्ही. आजी म्हणाल्या हा १९६० चा असेल. मी मान डोलावली पण वर्ष काढायच्या युक्त्या असतात. टीव्हीला यूएचएफचं, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीच्या चॅनलांचं, वेगळं बटण होतं, आणि अमेरिकेत १९६४ पासून प्रत्येक नवीन टीव्हीला यूएचएफ सक्तीचं झालं, त्याआधी बऱ्याच सेटवर नसायचं. रेडिओवर एफएम स्टिरिओ लिहिलेलं, स्टिरिओ प्रसारण सुरू झालं १ जून १९६१ ला, म्हणजे त्याच्या आधीचा असणं शक्यच नाही. आणि पिक्चर ट्यूब गोल, २१ इंची, वरून-खालून कापल्यासारखी. चौकोनी कलर ट्यूब १९६३-६५ मध्ये आल्या आणि मग गोल हळूहळू बंद. म्हणजे साधारण ६४-६५. नंतर घरी आल्यावर मागे व्हॉल्यूमच्या पॉटवरचा (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरवरचा) नंबर बघितला, १३७ ने सुरू होणारा. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे, १३७ म्हणजे सीटीएस, त्यापुढे वर्ष आणि आठवडा. स्पीकरवर पण असाच छापलेला असतो, २२० असेल तर जेन्सन. पॉटवर निघालं ६५ सालचं.

कन्सोल बघायला गेलात की प्लग लावायचा नाही. विकणारा म्हणतो थांबा लावून दाखवतो, त्याला अडवायचं. पन्नास वर्षं पडून असलेल्या सेटमधले कपॅसिटर वाळलेले असतात, थेट ११७ व्होल्ट दिले की पॉवर ट्रान्सफॉर्मरपर्यंत सगळ्याची वाट लागू शकते आणि तो ट्रान्सफॉर्मर परत मिळत नाही. त्यापेक्षा टॉर्च घेऊन मागे वाकायचं. मागचा पुठ्ठा शाबूत आहे का, कोणी आधीच काही काढून नेलंय का, उंदरांनी संसार केलाय का, आणि पिक्चर ट्यूबची मागची मान अखंड आहे का. मानेला आतून चकचकीत आरशासारखा डाग असतो, तो चंदेरी असेल तर आत निर्वात आहे, पांढरा पडला असेल तर हवा शिरली, विषय संपला. आजीबाईंच्या सेटचा डाग चंदेरी होता. आणि पेटीच्या आतल्या बाजूला लाकडावर पेन्सिलने बारीक अक्षरात नोंदी होत्या, घरी येणाऱ्या मेकॅनिकच्या, तारीख आणि बदललेला व्हॉल्व्ह. ६७, ६८, ७१, ७१, ७४. नंतर काही नाही. ते वाचून मला सेटची सगळी हिस्टरी कळली, दुखणं कुठे होतं ते पण, कारण दर वेळी हॉरिझॉन्टल आउटपुटचाच, म्हणजे चित्राची रेघ आडवी फिरवणारा, व्हॉल्व्ह बदललेला.

आणायला मंडळातले तीन मित्र, एक भाड्याचा ट्रेलर आणि पट्टे. चेंजरला नेण्याआधी दोन स्क्रू आवळून खाली बसवायचं असतं, नाहीतर स्प्रिंगवर नाचत येतो आणि टोनआर्म मोडतो. पाय स्क्रूचे असतील तर काढून घ्यायचे. एक मित्र पहिल्यांदा उचलताना म्हणाला, "अरे हा पेटीपलंग आहे, टीव्ही कुठाय?" वजन नक्की किती ते कोणी केलं नाही, पण चौघांना पोर्चच्या तीन पायऱ्या उतरायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात आजीबाईंनी आतून लिंबू सरबत करून आणलं. जाताना त्यांनी एक गोष्ट विचारली, मासे ठेवणार नाही ना? म्हणजे त्यांनीही बघितला असावा कुठेतरी.

बायकोची अट होती की चालू होईपर्यंत गॅरेज. वाजवी अट आहे.

गॅरेजमध्ये मी सगळ्यात आधी सिरीज बल्ब जोडला. ज्यांच्या घरी इलेक्ट्रिशियनचं येणंजाणं होतं त्यांना माहीत असेल, लाकडी पाटीवर होल्डर नि सॉकेट, शंभरचा बल्ब सेटच्या सिरीजमध्ये. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि करंट तोच खाऊन टाकतो, सेट वाचतो. पुण्यात आमच्या गल्लीतल्या रेडिओवाल्याकडे हा बोर्ड कायम टेबलावर असायचा. इथल्या जुन्या छंदवाल्यांकडेही अगदी हाच जुगाड असतो, आणि तो मला आधीपासून येतो हे बघून ते जरा चकितच होतात. फक्त ते जुने पिवळे बल्ब आता दुकानात मिळत नाहीत, मी एका सेलमधून जुना खोका उचलून ठेवलाय.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. कलर टीव्हीत पिक्चर ट्यूबला २५ हजार व्होल्टच्या आसपास जातात आणि सेट बंद करून प्लग काढला तरी ट्यूब चार्ज धरून बसते. लांब दांड्याच्या स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधून दुसरं टोक चॅसीला अर्थ करायचं आणि ट्यूबच्या रबरी टोपीखाली टोक सारायचं, टच्च आवाज येतो, मग परत एकदा. एक हात खिशात ठेवायचा. ज्या पत्र्याच्या डब्यात हाय व्होल्टेजचा भाग असतो त्याचं झाकण काढून सेट चालवायचा नाही, कारण त्या व्होल्टेजला तिथल्या व्हॉल्व्हमधून क्ष-किरण निघू शकतात. हे काही पुराणातलं नाही, १९६७ मध्ये जीईच्या काही मोठ्या कलर सेट्समधून मर्यादेपेक्षा जास्त किरण निघताहेत असं सापडलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्यावर कायदा झाला. ज्याला हे सगळं वाचून पोटात गोळा आला त्याने स्टिरिओच दुरुस्त करावा, त्यात काही कमीपणा नाही.

आधी ट्यूब तपासून घेतली. यासाठी बी अँड के कंपनीचं ४६७ नावाचं एक जुनं मशीन आहे, ते ट्यूबमधल्या लाल-हिरवी-निळी तिन्ही गन (पडद्यावर इलेक्ट्रॉन मारणारे भाग) वेगवेगळ्या मोजतं. माझ्याकडे नाही, त्याची किंमत आता दोन-तीन कन्सोलएवढी झालीये, इंडियानापोलिसच्या एका गृहस्थांनी आणून मोजून दिलं. लाल थोडी अशक्त, बाकी दोन ठणठणीत. ट्यूब गेलेली असती तर मी पुढे गेलोच नसतो, कारण नवीन कलर ट्यूब आता जगात कोणी बनवत नाही, आणि जुनी उघडून नवीन गन बसवून देणारं अमेरिकेतलं शेवटचं दुकान, आयोवात होतं, तेही २०१० च्या सुमारास बंद झालं. त्याची मशिनरी ओहायोतल्या हिलियर्डच्या अर्ली टेलिव्हिजन म्युझियमने घेतली. ते म्युझियम एकदा बघाच, आमच्याकडून तीन-साडेतीन तास आहे, शंभर वर्षांपूर्वीच्या फिरत्या चकतीच्या टीव्हीपासून सगळं आहे आणि बरेच सेट चालू आहेत. इथल्या मंडळींना नायगारा दाखवून झाला की पाहुण्यांना कुठे न्यायचं हा प्रश्न असतो, तर हे एक नाव.

ट्यूब चांगली, पण तिला मोतीबिंदू. खरंच, इथले लोक पण असंच म्हणतात. त्या काळात ट्यूबच्या काचेपुढे अजून एक संरक्षक काच पारदर्शक डिंकाने चिकटवायचे. पन्नास वर्षांत कडेने ओल शिरते, डिंक कुजतो आणि कडेकडेने पांढरे-तपकिरी ढग दिसायला लागतात. याचं ऑपरेशन म्हणजे दोन्ही काचा वेगळ्या करणं. उन्हाळ्यातच केलं, ट्यूब काढून दिवसभर गॅरेजमध्ये गरम होऊ दिली, मग हॉट एअर गनने कड हळूहळू तापवत, एक पातळ वायर दोन हातांत धरून करवतीसारखी डिंकातून ओढत. तोंडावर शील्ड, हातात जाड मोजे, अंगावर जाकीट, बाहेर नव्वद फॅरेनहाइट. घाई केली तर ट्यूब फुटून आतल्या पोकळीमुळे काचा उडतात, त्यामुळे तासन्तास बोटभर बोटभर सरकायचं. डिंक निघतो तो पिवळट, चिवट, ओलसर, आणि त्याचा एक कुबट गोडसर वास गॅरेजमध्ये आठवडाभर राहिला. शेवटची कड सुटली तेव्हा 'चप्प' असा आवाज आला आणि वरची काच माझ्या हातात. दोन्ही काचा धुवून पुसून कडेला पारदर्शक दुहेरी टेप लावून परत बसवली. मध्ये डिंक नाही, किंचित रिफ्लेक्शन येतं, पण ढग गेले.

चॅसीचं काम त्यामानाने कंटाळवाणं पण सरळ. फोटोफॅक्टचा फोल्डर मिळवला, वीस-पंचवीस व्हॉल्व्ह एकेक करून जागेची नोंद करत काढले, पाय साफ केले, मग कपॅसिटर बदलत गेलो. एकदम सगळे बदलायचे नाहीत. चार-पाच बदलले की सिरीज बल्बवर लावून बघायचं, म्हणजे काही बिघडलं तर नुकतंच कुठे हात लावला ते माहीत असतं. काही लोक एका बैठकीत सगळे उडवतात आणि मग सेट बोंबलला की चाळीस सांधे तपासत बसतात. प्रिंटेड बोर्डला केसासारख्या भेगा होत्या त्या सांधल्या. हॉरिझॉन्टलचा व्हॉल्व्ह का जातोय ते पण सापडलं, ड्राइव्हच्या सर्किटमधला एक छोटा कपॅसिटर लीक होता, ७१ साली दोनदा आलेल्या माणसाला तो बदलायचं सुचलं नव्हतं किंवा परत बोलावणं यावं अशी त्याची इच्छा असेल, देव जाणे.

चित्र आलं ते एका बाजूने चेपलेलं आणि माणसं हिरवी. हिरव्याचं काही नाही, अमेरिकन सिस्टीममध्ये रंगाची छटा सरकते म्हणून समोर टिंटचं बटण असतं. आपल्याकडे पाल सिस्टीम, ते बटणच नव्हतं, त्यामुळे आपल्याला हे माहीत नसतं. खरं घोडं अडलं कन्व्हर्जन्सला. तीन गन तीन रंगांचं चित्र काढतात आणि ती तिन्ही चित्रं तंतोतंत एकावर एक बसली पाहिजेत. त्यासाठी आधी एक मोठं वेटोळं पडद्यासमोर फिरवत फिरवत मागे जायचं, म्हणजे पडद्यामागच्या जाळीत साठलेलं चुंबकत्व जातं. मग फक्त लाल रंग ठेवून तो सगळीकडे सारखा करायचा. मग पॅटर्न जनरेटरवरून पांढऱ्या उभ्या-आडव्या रेघांची जाळी लावायची. पांढरी कुठली, प्रत्येक रेघेच्या तीन रेघा, लाल, हिरवी, निळी. मधल्या भागासाठी ट्यूबच्या मानेवरची चुंबकं, आणि कडांसाठी एका बोर्डवर बारा कंट्रोल. बारा. एक फिरवला की उजवीकडची रेघ जुळते आणि खालची सुटते, ती जुळवली की वरची. कंट्रोल मागच्या बाजूला आणि पडदा पुढे, म्हणून बायकोचा ड्रेसिंगचा आरसा समोर खुर्चीवर टेकवला आणि मागे बसून आरशात बघत बघत, डावं-उजवं उलटं लक्षात ठेवत, अर्धा-अर्धा मिलिमीटर. हे काम मी संध्याकाळी जेवणानंतर करायचो, आणि सांगतो, याच्यासारखं डोकं शांत करणारं दुसरं काही नाही, योगा-बिगा सोडा. शंभर टक्के कोपऱ्यात कधीच जुळत नाही. नवीन असतानाही जुळायचं नाही.

रेडिओ आणि ॲम्प्लिफायर लवकर उरकले, ट्रान्झिस्टरवाला भाग होता, मोजके कपॅसिटर बदलले, बटणांत क्लीनर मारला, खरखर गेली. चेंजरचं ग्रीस मात्र इतकं घट्ट झालेलं की लिव्हर हलेना. सगळं सुटं करून अल्कोहोलने धुतलं, नवीन वंगण दिलं, रबराचं चाक परत रबर चढवून देणाऱ्याकडे पोस्टाने पाठवलं. सिरॅमिक कार्ट्रिजला दोन सुया असतात, खटका फिरवला की एलपीची जाऊन ७८ ची येते. ती मला हवीच होती. आजोबांच्या नाट्यसंगीताच्या लाखेच्या तबकड्या मी सुटकेसमध्ये टॉवेलात गुंडाळून आणल्या होत्या, आणि आजकालच्या स्वस्तातल्या प्लेयरवर ७८ असतंच असं नाही. पंधरा इंची एवढा मोठा स्पीकर आणि त्यातून तो जुना तंबोरा-पायपेटीचा आवाज, खरखरीसकट, गॅरेजचं शटर उघडं होतं, समोरचा शेजारी कुत्रं घेऊन थांबला, विचारलं हे कुठलं ऑपेरा आहे. मी म्हटलं मराठी.

बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाले इकडे घेऊन ये. येत नाही हो बाबा. २३० व्होल्टला ट्रान्सफॉर्मर लावता येतो पण चेंजरची मोटर ६० हर्ट्झवर चालते, आपल्याकडे ५०, म्हणजे ३३ ची रेकॉर्ड २८ च्याही खाली फिरणार आणि गवय्या रडणार. पुली बदलावी लागेल. टीव्हीला तर सिस्टीमच वेगळी. "मग काय उपयोग," बाबा म्हणाले, आणि आईने मागून भंगाराचा भाव विचारला.

आता सिग्नल. १२ जून २००९ ला अमेरिकेत मोठ्या स्टेशनांचं ॲनालॉग प्रसारण बंद झालं, त्यामुळे ॲन्टेना लावून काही येत नाही. कन्व्हर्टर बॉक्स नाहीतर स्ट्रीमिंगची काडी, तिचं एचडीएमआय आधी जुन्या व्हिडिओत बदलायचं, मग मॉड्युलेटरने तीन नंबर चॅनलवर टाकायचं, मग एक छोटा अडॅप्टर गोल केबलचं चपट्या दोन तारांच्या ॲन्टेनात करतो. डबीला डबी, पण चालतं. जुने कृष्णधवल मराठी सिनेमे यावर बघावेत, त्यांचा पडद्याचा आकार आणि याचा आकार साधारण एकच, कुठे काळी पट्टी नाही. क्रिकेट मात्र जमत नाही. ट्यूब गोल, कोपरे कापलेले, कडा पेटीच्या आत लपलेल्या, त्यामुळे स्कोअर नेमका दिसत नाही. बॅट्समन दिसतो, चौकार दिसतो, किती झाले ते शेजारी फोनवर बघायचं. मित्र तरी येतात, आणि कुठलीही विकेट पडली की कोणीतरी म्हणतं, टिंट फिरव रे, लाल बॉल हिरवा दिसतोय.

सेट आता हॉलमध्ये आहे, सोफा सरकवून. त्याच्यानंतर एक झेनिथ आला, शिकागोचा. झेनिथवाले इतर कंपन्या प्रिंटेड बोर्डकडे गेल्या तरी बराच काळ हाताने तारा जोडत राहिले, आणि खरंच, दुरुस्त करायला तो सोपा गेला, भेगा शोधत बसावं लागलं नाही. मेडिटेरेनियन पद्धतीचा आहे, काळपट, जड, कोरीव काम म्हणून जे दिसतं ते प्लॅस्टिक. हा प्रकार सगळ्यात स्वस्त मिळतो कारण बघायला कोणालाच आवडत नाही. मला पण नाही आवडत. आतून उत्तम आहे.

तिसरा मॅग्नाव्हॉक्स गॅरेजमध्ये आहे, फोर्ट वेनजवळच्या सेलमधून आणलेला, आणि याचा टीव्ही कोणीतरी फार पूर्वीच काढून तिथे फळी ठोकलीये, बहुतेक बाटल्यांसाठी. ॲम्प्लिफायर मात्र जागेवर, सिक्स-बीक्यू-फाईव्हवाला. आणल्यापासून आठवड्यातच एका ऑडिओवाल्याचा निरोप आला, मी पूर्ण कन्सोलला जेवढे दिले त्याच्या तिप्पट पैसे तो फक्त त्या डब्याचे द्यायला तयार आहे, पेटी मीच ठेवावी म्हणे. नाही म्हटलं. मला त्या पेटीत बसेल अशी त्याच काळातली मॅग्नाव्हॉक्सची चॅसी आणि ट्यूब हवी आहे, आणि अशी चॅसी कोणाकडे असणार तर ज्याने दुसऱ्या कुठल्या कॉम्बिनेशनमधून ती काढून पेटी फेकली त्या टीव्हीवाल्याकडे. केंटकीत असा एकजण आहे, शेल्फवर दोन ठेवून बसलाय. विकत नाही म्हणतो, पण झेनिथच्या ट्यूबबद्दल मात्र परत परत विचारतोय.